खालाच्या बुरख्यासोबत

परभणी स्टेशनावर मला निरोप द्यायला जी मंडळी आली होती, त्यांतल्या कुणीही जिल्ह्याबाहेर फारसं पाऊल टाकलेलं नव्हतं. त्यामुळे अफगाणिस्तानात बाईमाणसानं कसं राहावं हे त्या सगळ्यांना अगदी बारकाईनं ठाऊक होतं. मामंजींचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं, म्हणून मुसलमानी मुलखाचे आमच्या घरातले अधिकृत जाणकार तेच. 'केसाचं टोकसुद्धा दिसता कामा नये,' असं त्यांनी मला बजावलं. म्हणजे माझ्याकडे पाठ करून फलाटावरच्या खांबाला बजावलं, कारण सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मी डोक्यावरचा पदर सावरून सासूबाईंच्या कानात 'हो' म्हटलं आणि त्यांनी ते मामंजींपर्यंत पोचवलं.

'तिकडं लय कडक हाय म्हणतेत,' सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. 'इथल्यासारखं मोकळं राहाता येत न्हाई, सुमन. जपून ऱ्हा.'

त्या मोकळेपणाचा विचार करतच मी गाडीत चढले. लग्न होऊन मानवतहून या घरात आल्यापासून मी स्वयंपाकघरातून अंगणातल्या नळापर्यंत जायचं तर आधी खाकरत असे, म्हणजे ओट्यावर बसलेल्या मामंजींना तोंड फिरवायला सवड मिळावी. मुलींच्या शाळेत गणित शिकवायला जाताना गल्लीच्या तोंडापर्यंत पदर डोक्यावर, तिथून पुढे खांद्यावर, येताना उलटं. हा सगळा मोकळेपणा मागे टाकून आता मी एका कडक देशात निघाले होते.

कारण घडलं होतं कापसाचं. आमचे हे (नाव घेतलेलं सासूबाईंना अजूनही चालत नाही, तेव्हा 'हे' म्हणजे माझे यजमान एवढं वाचकांनी लक्षात ठेवावं) कापसाचे जाणकार. अफगाणिस्तानच्या उत्तरेला कुंदूझ नावाचं गाव आहे, तिथं आपल्या मानवतसारखाच कापसाचा मोठा बाजार. तिथल्या लोकांना आपला कापूस सुधारायचा होता आणि त्यासाठी यांना बोलावणं आलं. हे आधी गेले. मी दिवाळीच्या सुट्टीत जाऊन यांना भेटून यायचं ठरलं.

आता माझ्या ट्रंकेतल्या मुख्य प्रवाशाची ओळख करून देते. तो म्हणजे हमीदाखालाचा बुरखा. खाला (मावशी) आमची शेजारीण. दोन्ही घरांच्या मधे एकच भिंत, आणि तिच्यातला एक दगड निघालेला, त्यातून आमची वाटी तिकडे आणि तिची इकडे होत असे. मी निघायच्या आदल्या दिवशी त्या भोकातून वाटीऐवजी घडी केलेला काळा बुरखा आला आणि पाठोपाठ दारातून खाला.

'खाला, कशाला? तिथं मिळतील की बुरखे,' मी म्हटलं.

'तुज्यासाठी न्हाई देत गं,' खाला म्हणाली. 'मजार-ए-शरीफला दर्गा हाय. निळा. तिथं ह्याला न्यायचं.'

मग तिनं सांगितलं ते असं. तिचे आजोबा त्याच मुलखातून येऊन निजामाच्या फौजेत लागलेले. खाला जन्मली तेव्हा इतकी अशक्त होती, की तिच्या आईनं त्या दर्ग्याला मन्नत (नवस) बोलली, की ही पोर जगली तर हिला चौकटीशी घेऊन येईन. पोर जगली. चौकट मात्र राहिली. आधी आईला जमलं नाही, मग लग्न झाल्यावर नवऱ्यानं नेतो नेतो म्हणत जन्म काढला आणि तोही गेला. आता खालाचे गुडघे पोखर्णीच्या जत्रेपर्यंतही साथ देईनात, मग काबूल कुठलं.

'आईचा नवस माज्या मानेवर ऱ्हाईलाय,' ती म्हणाली. 'मी न्हाई गेले तर माजा बुरखा तरी जाऊ दे. इतकी वर्सं माज्या अंगावर हाय, त्याला माजा वास हाय. चौकटीच्या आत नीऊन आण. बाहेरून नक्को हां, आतच.'

मी कबूल केलं. खालाच्या तोंडावर एवढी आशा होती, की नाही म्हणायला जीभच रेटली नाही. शिवाय घरादाराला मला त्या देशात बुरख्याशिवाय पाठवायचं नव्हतंच, तेव्हा एका कापडात दोन कामं होणार होती.

मनमाडपर्यंत इंजिनाच्या कोळशानं मला काळं केलं, पुढे दिल्लीपर्यंत सहप्रवाशांच्या प्रश्नांनी. दिल्लीला विमानात बसले तेव्हा सासूबाईंनी दिलेले धपाटे माझ्या मांडीवर होते आणि बुरखा पिशवीत. काबूल जवळ आल्याची सूचना झाली तशी मी विमानाच्या त्या खुराड्याएवढ्या मोरीत गेले आणि बुरखा अंगावर चढवला. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की खाला माझ्यापेक्षा बरीच ठेंगणी. बुरखा नडगीशी संपला. खाली इरकलीचे काठ आणि कोल्हापुरी चपला. वर नकाब (तोंडावरचं झाकण) पाडला तर नाकाशी काहीतरी खरखरीत लागलं. चाचपून पाहिलं तर नकाबाला एक भोक पाडलेलं आणि त्याला शर्टाच्या काजासारखा सुबक टाका घातलेला. म्हणजे आमची खाला गेली कित्येक वर्षं परभणीचा बाजार त्या काजाला उजवा डोळा लावून बघत होती, आणि आम्ही समजत होतो की ही बिचारी अंदाजानं चालते! माझ्या उंचीला ते काज नाकावर येत होतं. त्यामुळे काबूलचं पहिलं दर्शन माझ्या नाकाला झालं, डोळ्यांना नुसता काळोख.

धडपडत शिडी उतरले आणि नकाबाची कड जराशी उचलून पाहिलं. समोर विमानतळावरची एक बाई होती. केस कापलेले, ओठ रंगवलेले, झगा गुडघ्याशी थांबलेला. तिच्या शेजारी दुसरी, तिचा झगा गुडघ्यापर्यंतही न आलेला. त्या सगळ्या विमानात, विमानतळावर, आणि मला वाटतं त्या दिवशी काबूलच्या त्या अख्ख्या भागात बुरख्यातली बाई एकच, आणि ती परभणीची.

हे घ्यायला आले होते. माझ्यासमोरून एकदा गेले, परत आले, माझ्याकडे पाहून अदबीनं बाजूला सरले आणि पुन्हा विमानाकडे मान उंचावून बघत राहिले. मला यांचं नाव घेता येईना. बुरख्याच्या आतून मी एकच शब्द काढला.

'अहो!'

एवढ्या गर्दीत एकच पुरुष दचकून वळला. 'तू?' हे म्हणाले. 'हे काय सोंग?'

'तुमच्या वडिलांनी खांबाला सांगितलं होतं ते,' मी म्हटलं आणि बुरखा काढून पिशवीत कोंबला. काबूलमध्ये मी दोन्ही हात हलवत, डोकं उघडं टाकून हिंडले. भाजलेल्या कणसाचा वास, द्राक्षांच्या पाट्या, थंडगार वारा, आणि मामंजींचा खांब हजारो मैल लांब. फार फार बरं वाटलं.

ते सुख कुंदूझच्या वाटेवरच्या सालंगच्या खिंडीपर्यंत टिकलं. डोंगर असा अंगावर येतो की बस म्हणजे भिंतीवरचा मुंगळा वाटावी. वरच्या बोगद्यात शिरताना बसमधले सगळे आपापल्या देवाचं नाव घेत होते, मीही घेतलं. बोगद्याच्या पलीकडे उतरलो आणि देश बदलला. झगे संपले. कुंदूझच्या रस्त्यावर ज्या बायका दिसल्या, त्या डोक्यापासून टाचेपर्यंत चादरीत (तिकडचा घोळदार, डोळ्यांपुढे जाळी असलेला बुरखा). टांग्याला तिथे चक्क 'गाडी'च म्हणतात. घोड्याच्या गळ्यात घुंगरं, लाल गोंडे. आमची गाडी बाजारातून निघाली तशी मी परभणीच्या सवयीनं डोक्यावर पदर ओढला आणि मर्यादेचा पुतळा होऊन बसले. तरीही दोन्ही बाजूंचे लोक माझ्याकडे बघून पटापट माना खाली घालू लागले. मला कारण कळेना.

ते सांगितलं शिरीननं. ही आमच्या घरमालकाची बायको. अंगानं भरलेली, हसरी. लहानपण पेशावरात गेलेलं, त्यामुळे उर्दू फाडफाड बोलायची. मी गाडीतून उतरताच तिनं मला आत ओढलं आणि दार लावलं.

'बहनजी, सर ढाँप लिया और पेट खुला छोड़ दिया! ये कैसा परदा है?'

मी खाली पाहिलं. पोट होतं खरं. जन्मापासून होतं, पण त्याच्याकडे आजवर कुणी बोट दाखवलं नव्हतं. आमच्या घरात डोक्यावरून पदर सरकला तर आकाश कोसळे, पण पोलकं आणि निऱ्या यांच्या मधलं ते वीतभर अंग सासऱ्यांसमोर, दिरांसमोर, भर लग्नमांडवात उघडं असे आणि कुणाच्या पापणीचा केस हलत नसे. इथे नेमकं उलटं. मी पदर पोटावर ओढला तर डोकं उघडं पडे, डोक्यावर घेतला तर पोट. पाच वारांत दोन मुलखांची अब्रू बसेना. मी ट्रंकेतलं नऊवारी काढलं. कासोटा घालून बाहेर आले तर शिरीननं माझ्या पोटऱ्या पाहून किंचाळीच मारली.

'मग काय नेसू?' मी रडकुंडीला येऊन म्हटलं.

तिनं मला पायघोळ विजार दिली, वर गुडघ्याखाली जाणारा सदरा, वर ओढणी. आरशात पाहिलं तर मानवतच्या मोंढ्यातला एखादा अडत्या वाटत होते. पण ते कपडे अंगात गेल्यावर मला रस्त्यात कुणी ढुंकून पाहिलं नाही. असं कुणी न पाहणं परभणीत माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. त्या दिवसांत मी पोटभर खाल्लं. बोलानी (कांद्याच्या पातीसारखी भाजी भरलेली पातळ पोळी) सासूबाईंच्या धपाट्यांची सख्खी बहीण. वांग्यावर लसूण घातलेलं दही ओततात, ते मी आजही करते आणि परभणीचं आहे म्हणून खपवते. दूध नसलेला हिरवा चहा मात्र मला कधीच चहा वाटला नाही.

एकदा घरचा सदरा वाळत घातलेला होता आणि बाजारात जायचं होतं, म्हणून मी साडीवरच खालाचा बुरखा घातला. शिरीन म्हणाली, काळा इथे कुणी घालत नाही, लोकांना तू कुठल्या तरी पवित्र गावाहून आलेली हाजीण वाटशील. मी हसले. बाजारात पोचले तर खरोखरच लोक वाट करून देऊ लागले. एका म्हाताऱ्यानं छातीला हात लावून सलाम केला. आणि एका तरुण बाईनं रडणारं मूल माझ्यासमोर धरलं. शिरीन कानात म्हणाली, 'कुछ पढ़के फूँक मारो.'

मी काय पढणार? मला तोंडपाठ एकच गोष्ट. मी नकाबाआडून संथ लयीत सुरू केलं, 'एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस, एकोणीस त्रिक सत्तावन्न...' आणि काजातून हलकीच फुंकर मारली. मूल चकित होऊन गप्प झालं. आमच्या शाळेतल्या मुलीही या पाढ्याला अशाच गप्प होतात. त्या बाईनं माझी बाही डोळ्यांना लावली आणि पदरातले अक्रोड माझ्या हातावर ठेवले. अक्रोड गोड होते, पण ते खाताना मला कसंनुसं झालं. कपड्यावरून माणूस ठरवायची हौस फक्त आमच्याच गल्लीला आहे असं मी समजत होते.

मजारला आम्ही शिरीनला घेऊन गेलो ते बुधवारी, कारण तो तिथे बायकांचा दिवस. यांना फाटकापाशीच थांबवलं. घरच्यासारखेच हे ओट्यावर आणि मी आत, पण या वेळी आत जाण्यात मजा होती. मी पुन्हा साडीवर खालाचाच बुरखा घातला होता. सदरा-विजार घालून जावं असं शिरीनचं मत, पण आज पाहुणा बुरखा होता, त्याला हातात घडी करून कसं नेणार?

दर्गा निळा म्हणजे असा निळा, की नकाब वर करून मी कितीतरी वेळ बघतच राहिले. अंगणभर पांढरी कबुतरं. बायका चादऱ्या मागे टाकून दाणे उधळत होत्या, गप्पा मारत होत्या, दाराच्या कड्या चुंबत होत्या. खाला इथे असती तर तिचं बोळकं मिटलं नसतं, असं वाटून माझे डोळे भरून आले.

आतल्या दाराशी एक म्हातारी बसली होती. तिथली सेवेकरीण. तिनं माझ्या कपाळाकडे पाहिलं. कुंकू मी सकाळी पुसलं होतं, पण इतक्या वर्षांचा फिकट डाग कुठे जातो? तिनं एकच शब्द विचारला, आणि त्याचं भाषांतर करायची गरज नव्हती.

'मुसलमान?'

शिरीननं माझं कोपर दाबलं. 'हाँ कह दो. कौन पूछता है?'

बाजारात पाढे म्हणून भागलं होतं, इथे भागणार नव्हतं. नाही म्हटलं तर दार बंद, आणि खालाच्या मानेवर तो नवस कायमचा. हो म्हटलं तर दोन पावलांत काम फत्ते. पण खोटं बोलून फेडलेला नवस फिटतो की नाही, हे कुणाला विचारू? खालानं माझ्यावर भरवसा टाकला होता, आणि तिच्या आईनंही काही खोटी मन्नत मागितली नव्हती.

'मी नाही,' मी म्हटलं, आणि बुरख्याची बाही धरून हलवली. 'हा आहे. हा खालाचा आहे.'

शिरीननं कपाळाला हात लावला. पण म्हातारीनं कान टवकारले. त्यांच्या फारसीतही मावशीला खालाच म्हणतात, हे मला माहीतच नव्हतं.

'खाला?' तिनं विचारलं. 'कुठंय खाला?'

मग शिरीनला सगळं सांगावंच लागलं. आजोबा, फौज, अशक्त पोर, आईची मन्नत, गुडघे. म्हातारी ऐकत गेली, मान हलवत गेली. मग उठली आणि मला खूण केली, काढ. मला वाटलं, हाकलते. मी बुरखा उतरवला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, झटकला आणि स्वतःच्या अंगावर चढवला. म्हातारी ठेंगणी होती. बुरखा बरोब्बर तिच्या घोट्याशी आला. नकाब पाडताच तिला ते काज सापडलं, आणि आतून खुदखुद हसू ऐकू आलं. तिनं काजातून बोट बाहेर काढून मला दाखवलं, मग तिथे उजवा डोळा लावला आणि चौकट ओलांडून आत गेली.

आणि मी? मी अफगाणिस्तानातल्या सगळ्यात पवित्र अंगणात, शेकडो बायकांच्या मधोमध, इरकल नेसून, पोट उघडं टाकून उभी होते. मामंजींनी बजावलेल्या केसाच्या टोकाचं तर सोडाच. वारा असा, की पदर डोक्यावर ठरेना आणि पोटावरही ठरेना. बायका जमल्या. एकीनं काठाला हात लावून पाहिला. एकीनं पोटाकडे बघून शिरीनला काहीतरी विचारलं.

'काय म्हणते ती?' मी मेल्याहून मेली होऊन विचारलं.

'पूछती है, ठंड नहीं लगती?'

आणि त्या बाईनं आपल्या चादरीचा घोळ उचलून माझ्या पोटाभोवती गुंडाळला. दुसरीनं पाठीवरून आपला घोळ टाकला. त्या दोघींच्या मधे मी अशी उबेत उभी राहिले, तोवर तिसरीनं माझ्या हातात दाणे दिले, कबुतरांना टाकायला. आमच्या गल्लीत मी अशी उभी राहिले असते तर दिवेलागणीच्या आत बातमी मानवतला पोचली असती. इथे सगळ्यांना फक्त माझ्या थंडीची काळजी.

म्हातारी बऱ्याच वेळानं बाहेर आली. बुरख्याला गुलाबपाण्याचा वास येत होता. तिनं तो नीट घडी करून माझ्या हातावर ठेवला आणि शिरीनला काही बोलली.

'कहती है, खाला को बोलो, मैंने सब ठीक से देख लिया.'

परत येताना मी काबूलला केस मोकळे सोडले, दिल्लीला वेणी घातली, आणि परभणी जवळ आली तसा हात आपोआप पदराकडे गेला. स्टेशनावर तीच मंडळी. मामंजींनी खांबाला विचारलं, 'तिकडे काही आगळीक तर झाली नाही ना?' मी सासूबाईंच्या कानात म्हटलं, 'त्यांना सांगा, परभणीत होते तशीच राहिले.' ते ऐकून मामंजींचं फार समाधान झालं. सासूबाईंनी विचारलं, 'लय कडक हाय का गं?' मी म्हटलं, 'हाय. पण सवय होती मला.'

घरी पाय धुतले आणि तशीच खालाकडे गेले. खालानं दार लावलं, बुरखा घेतला, नाकाशी धरला. बराच वेळ धरून ठेवला.

'तू आत गेली?'

'नाही, खाला. मला जाता आलं नाही. बुरखा गेला.' आणि मी सगळं सांगितलं, माझ्या पोटासकट. पोटाला ती हसली नाही. ती दुसराच विचार करत होती.

'ती बाई,' तिनं विचारलं, 'उंचीनं किती?'

'तुमच्याएवढीच.'

'म्हंजी ते... ते तिच्या डोळ्यावर आलं?'

इतकी वर्षं लपवलेलं काज असं तिच्याच तोंडून निघालं. 'आलं,' मी म्हटलं. 'उजव्या डोळ्यावर. तिनं त्यातून सगळं नीट पाहिलं. सांगा म्हणाली.'

खाला भिंतीला धरून उठली. घरात आम्ही दोघीच होतो. दार लावलेलं, परक्या पुरुषाची सावलीसुद्धा नव्हती. तरी तिनं तो बुरखा डोक्यावरून अंगात घेतला, नकाब पाडला, काज बोटांनी सरळ केलं आणि तशीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

'खाला, इथं कोणापासून झाकायलात?' मी तिला चिडवलं.

'बोलू नक्को,' ती आतून म्हणाली. 'मला बघू दे जरा.'